मुकी वाट

आमच्या गावात नेटवर्क येतं ते फक्त अंगणवाडीच्या पायरीवर. तेही तिन्ही पायऱ्यांवर नाही, फक्त मधल्या पायरीवर. वरच्या पायरीवर बसलात तर आवाज तुटतो, खालच्या पायरीवर बसलात तर फोन मेलाच समजा. आणि अंगणवाडी माझी. म्हणजे आहे सरकारची, पण किल्ली माझ्या कमरेला. त्यामुळे गावातला प्रत्येक संसार कधी ना कधी माझ्या पायरीवर येऊन बसतो, आणि कान मिटून घ्यायची सोय देवानं मला दिलेली नाही.

मुखरूचा जावई रुसला की आधी मला कळतं, मुखरूला मागाहून. कोणाची लेक माहेरी यायचं म्हणते आणि माहेरची भावजय 'नेटवर्क नाई, नेटवर्क नाई' म्हणून फोन कापते, तेही मी पाहते. आत डाळ निवडत बसायचं आणि मनातल्या मनात जमा-नावे मांडायचं. पैशाचं नव्हे, माणसांचं. कोण कोणाला किती लागू आहे, कोणाचं कोणाकडे किती राहिलंय. पोरांची वजनं करता करता माणसं जोखायची खोड लागली, दुसरं काय.

बिरजूला मी जमेच्या बाजूला बरंच वर बसवलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

बिरजू म्हणजे मंगलीचा नवरा. होळी झाली आणि तो बल्लारपूरला गेला, गुणवंतराव नावाच्या ठेकेदाराकडे ओझी वाहायला. जायच्या आधी त्यानं नवा मोबाईल आणला आणि बायकोच्या नाही, पोरीच्या हातात दिला. "दुर्गा रोज दिसली पाह्यजे मले," म्हणाला. गावातले बाकीचे पुरुष बाहेर गेले की पहिल्या महिन्यात रोज फोन करतात, दुसऱ्यात आठवड्यानं, तिसऱ्यात बायकोच करते. बिरजूचा फोन मात्र दिवे लागायच्या आधी न चुकता यायचा.

दुर्गा तेव्हा सहाव्यात पाऊल टाकत होती. घरी बोलणं गोंडीत, आईला 'यायो' म्हणायची. माझ्याकडे आली की दाराच्या फळीमागे उभी राहायची. 'हा कोणता रंग?' विचारलं की माझ्याकडे अशी बघायची, जणू रंगाचं नाव मीच विसरलेय आणि तिला माझी कीव येते. मोबाईल आला आणि महिना-दीड महिन्यात ही पोरगी फळीमागून बाहेर आली. रंग आले, आकडे आले, गाणी आली. मराठी तर अशी यायला लागली की मलाच टोकायची. माझं वर्षाचं काम त्या डबीनं फुकटात केलं. मी ते जमेला धरलं आणि तपासणीला येणाऱ्या वरच्या बाईंना सांगताना माझ्याच नावावर सांगितलं.

नावेच्या बाजूलाही होतंच काही. भिंतीवरच्या तक्त्यातल्या हत्तीवर ती दोन बोटं ठेवायची आणि फाकवायची. हत्ती मोठा व्हायचा नाही. "बाई, हा हत्ती बिघडला," म्हणायची. मोबाईल समोर धरल्याशिवाय घास गिळायची नाही. मंगली कपाळाला हात लावून सांगायची, "भात तोंडात, डोळे त्याच्यात. उद्या शेन भरवलं तं तेही खाईन पोट्टी, आन वरून म्हनन, अजून दे."

"मंग काढून घे ना मोबाईल."

"आन बाप तिकडं उपाशी राह्यते, त्याचं का करू?"

ते खरं होतं. संध्याकाळच्या फोनवर बापलेकीचा एक खेळ ठरलेला. बिरजू म्हणायचा, "दाखव, माय, दाखव. आज का का पाह्यलं?" आणि दुर्गा मोबाईल घेऊन पायरीवरून जेवढं दिसेल तेवढं दाखवायची. कोंबडीची पिल्लं. हातावरचा ओरखडा. माझं डोकं, मागून, पांढऱ्या केसांसकट. "बाईचे केस पाह्य बाबा." तिकडून बिरजू खो-खो हसायचा. फार दूर असलेल्या माणसाला एवढं जवळून घर दिसत होतं, याचं मलाही बरं वाटायचं. केसांचं सोडून.

एके दिवशी तिनं तोंड उघडून मोबाईल आत घालायचाच बाकी ठेवला. "बाबा, हालते! पाह्य!"

"कोनता? उजेडात ये... अरे बाप्पा! हा तं आता पडते." बिरजू जरा थांबला. "दात पडला का मंग का होते, माहीत आहे ना तुले?"

"यायो नेते."

"कुठी नेते?"

दुर्गानं आजूबाजूला पाहिलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं. बिरजू हसला, मंगली हसली, मीही हसले. त्या हसण्यातलं कोणाचं कशासाठी होतं, हे तेव्हा कोण निवडत बसलं होतं!

कुठे न्यायचं ते इथं सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच माहीत नाही. श्रावणात रानात वारुळांच्या भोवती सात्या उगवतात. पांढऱ्या, देठाला लांब, मटणाला मागे सारतील अशा अळंब्या. ज्या वारुळाशी एका साली उगवतात, तिथंच पुढच्या सालीही उगवतात. म्हणून प्रत्येक घराची आपली जागा असते आणि ती जागा घरच्या बाईकडे असते. सासू सुनेला दाखवते, आई लेकीला. पुरुषाला नाही. पुरुष दारू प्यायला बसला की जागा बोलून बसतो, असं बायका म्हणतात, आणि पुरुषांनी ते आजवर खोडून काढलेलं नाही. पोरीचा पहिला दात पडला की तिला पहिल्यांदा न्यायचं. गावातलं शेवटचं घर मागे पडलं की जाऊन परत येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. वाटेत कोणी भेटलं तरी नाही. जागेचं नाव कधीच कोणापुढे तोंडातून काढायचं नाही. त्या वाटेला इथं मुकी वाट म्हणतात. तिथंही रीत आहे. पहिला गुच्छ रानाच्या देवाला तसाच ठेवायचा, मिटलेल्या कळ्या तोडायच्या नाहीत, आणि वारुळाला लोखंड लावायचं नाही.

मंगलीची जागा गावात सगळ्यांत चांगली. तिच्या सात्या चामोर्शीच्या बाजारात टोपलीतून खाली उतरायच्या आत संपतात. सासू इतवारीनं मरायच्या आधी तिला ती दाखवली. घर बिरजूच्या नावावर, धानाचा तुकडा बिरजू आणि त्याच्या भावाच्या नावावर, बैलजोडी भावाच्या गोठ्यात. मंगलीचं म्हणावं असं त्या घरात एवढंच. कोणत्याच कागदावर नसलेलं. तिच्याकडून ते पुढे दुर्गाकडे जायचं होतं. तिची सगळी धडपड एवढ्यासाठीच होती. दात हलायला लागल्यापासून ती रोज पोरीचं तोंड उघडून बघायची, जसं पिकलेलं आहे की नाही ते सीताफळ दाबून बघावं.

त्या फोननंतर थोड्याच दिवसांत मुखरू काही कामानं बल्लारपूरला जाऊन आला आणि बिरजूनं दिलेली एक वस्तू दुर्गाला देऊन गेला. कानात घालायच्या वायरी. "बाईले तरास होते म्हने आवाजाचा," मुखरू म्हणाला.

"मला?" मी म्हटलं. "मी कधी तक्रार केली?"

करमणूक फुकटची होती, तक्रार कशाला करीन? पण त्या दिवसापासून बिरजू मला ऐकू येईनासा झाला. दिसायची ती नुसती दुर्गा. कानात वायरी घालून मधल्या पायरीवर बसलेली, मान हलवत. हो. हो. नाही. हो. मग ओठांवर बोट.

"काय म्हणतो गं बाबा?"

ओठांवर बोट. डोळे चमकलेले.

पोळा जवळ आलेला. मी हिशेब मांडला: फ्रॉक आणतोय. मंगलीनंही तोच मांडला. "लाल आनू नका म्हना, लवकर मळते," ती पायरीखालून ओरडली, पण वायरींमुळे ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

दात पडला. कौलावर फेकायचा तर दुर्गानं फेकू दिला नाही. काडेपेटीत कापूस घालून त्यात ठेवला. बाबा आला की त्याच्या हातात द्यायचा होता. मोबाईलवर दाखवून भागणार नव्हतं, हे तिला त्या वयात कळत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मंगली टोपली घेऊन निघाली, मागे दुर्गा. मी अंगणवाडी झाडत होते. पोरीच्या गळ्यात पिशवी, पिशवीतून मोबाईल डोकावतोय.

"अगं, हे कशाला रानात?"

शेवटचं घर अजून यायचं होतं, म्हणून मंगली बोलली. "रडून राह्यली होती. येऊ दे म्हटलं. तिकडं नेटवर्कच नाई बाई, तं तो कोनाले सांगन? आमच्यासारखाच मुका राह्यते तोही."

मला ते पटलं. नेटवर्क म्हणजे त्याची जीभ, आणि जीभच नाही तर तो काय बोलणार? या गावात कोणालाही पटलं असतं. इथं पायरी सोडली की मोबाईल म्हणजे नुसती बॅटरी.

परतल्या तेव्हा टोपली काठोकाठ. मंगलीच्या चेहऱ्यावर देणं फिटल्याचं समाधान. दुर्गा तर अशी ताठ चालत होती, जणू तिलाच आता सून आणायचीय. गावात शिरल्यावर मंगलीनं तिचा मुका घेतला. "एक शब्द नाई बोलली माझी माय. म्या आपल्या पहिल्या खेपेले ठेच लागली तं ओरडली होती. हे नाई ओरडली."

त्या संध्याकाळी दुर्गा पायरीवर बसली ती हलेचना. मोबाईलवर एक गोल फिरत होता. फिरत होता, फिरत होता. मला पोरांच्या खिचडीचा फोटो वरच्या बाईंना पाठवायचा होता, तो जात नव्हता.

"काय पाठवते एवढं? सरक जरा, माझं काम अडलंय."

ओठांवर बोट. गोल पूर्ण झाला, तिनं टाळी वाजवली आणि उड्या मारत घरी गेली. मग माझी खिचडी गेली.

मंगलीनं मिटलेल्या कळ्या मागे ठेवल्या होत्या. त्या उमलायच्या बेतानं ती चार-पाच दिवसांनी परत गेली, एकटीच. आली ती रिकामी टोपली घेऊन, आणि गावात आल्यावरही तोंड उघडेना. माझ्या मधल्या पायरीवर येऊन बसली. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिली.

"सब्बल घातली बाई," शेवटी म्हणाली. "वारूळ फोडलं. आतवर खनलं. कळ्या नाई, मुळं नाई, काही नाई ठेवलं. पान्याच्या बाटल्या, पुड्या टाकून गेले. आता तिथी कधीच नाई येत."

"कोण असेल?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग मान फिरवून मुखरूच्या घराकडे पाहिलं, मग पुढच्या घराकडे. पुढच्या दोन दिवसांत तिच्या डोळ्यांनी अख्ख्या गावाची झडती घेतली. मुखरूच्या बायकोशी विहिरीवर भांडली. "तुझ्या घरी परवा काऊन वास येऊन राह्यला होता?" मुखरूची बायको म्हणाली, "सुकट होती वो! तुले सुकट आन सात्या कळत नाई का?" ज्या बाईच्या घरचं मीठ मंगलीच्या घरात आणि मंगलीचं तिच्या घरात चालायचं, तिच्याशी बोलणं बंद झालं. हेही नावेच्या बाजूलाच पडलं, पण ते कोणीच धरलं नाही.

मग तिच्या मनात बाबूभाई आले. बाबूभाई चामोर्शीच्या बाजारात भाजी विकतात. मंगलीच्या सात्या दरसाल तेच घेतात, आणि दरसाल विचारतात, "कुठून आनता बाई?" मंगली सांगते, "सासूच्या पदरातून." हे ठरलेलं. बाजाराच्या दिवशी ती रिकामी टोपली घेऊन निघाली. मलाही सामान आणायचं होतं. आणायचं नसतं तरी मी गेलेच असते.

"या या, मंगलीबाई," बाबूभाईंनी वांग्याचा ढीग सरकवून जागा केली. "अन् टोपली खाली? गिऱ्हाईक सकाळपासून माझं डोकं खाऊन राह्यलं."

"तुमीच खाल्लं ना भाऊ माझं."

"मी? काय खाल्लं?"

"कोनाले लावलं होतं माझ्या मागं? इतके साल विचारून राह्यले, कुठून आनता, कुठून आनता. आता भेटलं ना?"

आजूबाजूची माणसं वळली. बाबूभाईंनी हातातलं वजन खाली ठेवलं. रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा पडला होता. "मजाकमधी विचारत होतो बाई. चोरीच करायची असती तं विचारलं असतं का? गुपचूप नसतो आलो?"

 मंगली टोपलीची काडी मोडत उभी राहिली.

"सुलताना म्हने, दाखवू नका," बाबूभाई हळू म्हणाले. सुलताना म्हणजे त्यांची बायको. "म्हने, दुसऱ्याच्या घरात आग कायले लावता? पन तुमी माझ्यावर नाव घेऊन आल्या, तं आता दाखवावंच लागन. बल्लारपूरहून साडभाऊनं पाठवलं मले. तिकडं साऱ्या ग्रुपमधी फिरून राह्यलं."

त्यांनी मोबाईल पुढे केला.

चार-पाच माणसं. काळा चष्मा घातलेला, पोट सुटलेला एकजण मधे, तो गुणवंतराव असावा. एकाच्या हातात लोखंडी सब्बल, दोघांजवळ पोती. मागे फुटलेलं वारूळ, आतली ओली लाल माती. आणि वारुळापाशी वाकून, दोन्ही हातांत सात्यांचा गुच्छ धरून, नव्या शर्टात हसणारा बिरजू.

"हा आमचा बिरजू!" गुणवंतराव ओरडत होता. "जंगलचा राजा! आजपासून यानं ओझं नाई उचलायचं. याले गेटवर बसवा, खुर्ची द्या!" बाकीच्यांनी शिट्ट्या मारल्या. बिरजूनं गुच्छ आणखी वर धरला.

"पुन्हा लावा," मंगली म्हणाली.

बाबूभाईंनी लावलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. त्याच्या पायाकडे पाहत होती. रानाच्या देवाला ठेवलेला गुच्छ त्याच्या बुटाखाली होता.

"बाईच्या फोनवर पाठवा हे," ती म्हणाली. मग हात जोडून, "चुकली भाऊ मी. बोलून गेली."

"जाऊ द्या बाई," बाबूभाई म्हणाले आणि तिच्या रिकाम्या टोपलीत वांगी टाकायला लागले. तिनं ती काढून ठेवली नाहीत. कदाचित तिला दिसलीच नाहीत.

परतताना एसटीत ती एकच वाक्य बोलली. "पन त्याले वाट कशी भेटली बाई? त्याच्या मायनं त्याले नाई सांगितली. म्या नाई सांगितली." मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे एक गोल फिरत होता.

दुर्गा पायरीवर बसून गाणं बघत होती. मंगली तिच्या शेजारी बसली. आवाज चढवला नाही. "माय, आपली जागा कोनाले सांगितली का तू?"

"नाई."

"बाबाले?"

"नाई! म्या तोंड नाई उघडलं." तिला राग आला होता. "बाबाही म्हने, बोलायचं नाई. नियम म्हणजे नियम. म्या खोकलली नाई. नाकात चिलट गेलं तरी नाई. थांब, दाखवते."

आणि तिनं दाखवलं. शेवटच्या घराची ताटी. मग वाट. मोबाईल पोरीच्या छातीशी धरलेला, म्हणून पोरीच्या उंचीवरून दिसणारी. पुढे मंगलीची पाठ, डोक्यावर टोपली. नाला. नाल्यातला चपटा दगड. वीज पडलेलं येनाचं झाड, तिथून डावीकडे. आवाज नाही, नुसता एका लहान जिवाचा श्वास आणि पाखरं. मंगलीची पाठ मधूनमधून थांबायची, वळायची नाही. पोरगी मागे आहे, एवढा भरवसा त्या पाठीला होता. शेवटी वारूळ, सात्यांनी पांढरंशुभ्र. मंगलीचा हात पहिल्या गुच्छापाशी गेला, टेकला आणि रिकामा परत आला.

तोंडातून एक शब्द न काढता सगळं सांगून झालं होतं.

"बाबानं का म्हटलं होतं?" मंगलीनं विचारलं.

दुर्गानं वायरी उपटल्या आणि बोट सरकवत त्यानं पाठवलेले जुने आवाजी निरोप लावले. कितीतरी दिवसांनी मला बिरजूचा आवाज ऐकू आला. तोच मऊ आवाज, जो मी जमेला धरला होता. "बोलू नको, माय. यायो म्हनन तसंच कर. नुसती दाखव. लाल गोल दाब आन छातीशी धरून चाल. बाबाले रानाची लय आठवन येते. मी एकडाव पाहीन आन मिटवून टाकीन. यायोले सांगू नको, तिले मी आल्यावर सांगीन. मजा येईन."

नियम त्याला पाठ होता. त्याच्या आईचाच होता तो. तो नेमका कुठं संपतो आणि तिथून पोरीचा हात आत कसा घालायचा, हे त्यानं दूर बल्लारपुरात बसून, संध्याकाळ-संध्याकाळ 'दाखव दाखव' खेळत ठरवलं होतं. दात दिसला त्या दिवसापासून.

मंगलीनं पोरीवर हात उचलला नाही. मला वाटलं होतं उचलेल. ती म्हणाली, "बाई, तुमच्या फोनातला लावा आता."

"राहू दे गं. लहान आहे ती."

"लहान आहे म्हनूनच लावा."

मी लावला. दुर्गा पुढे सरकली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला मोबाईल मिटून टाकावासा वाटला. "बाबा! बाबा आहे! नवा शर्ट!" मग तिनं बोट ठेवलं, मागच्या झाडावर. दोन बोटांनी ते मोठं केलं. या वेळी झालं. "हे तं वीजवालं झाड. यायो, बाबा इथी आला होता?"

मंगलीनं पायरीवर पडलेल्या वायरी गोळा करून मुठीत घेतल्या.

"आपल्या रानात आला होता?"

"हो," मंगली म्हणाली.

"मंग घरी काऊन नाई आला?"

पायरीवरून त्या झाडापर्यंत एक पोरगी न थकता चालून जाते. नाल्यापल्याडच्या रस्त्यानं गाडी आली असणार, तिकडूनच परत गेली असणार. दुर्गा आईकडे बघत होती, मग माझ्याकडे. "म्या दात ठेवला होता ना," ती म्हणाली. "काडेपेटीत."

वारूळ फुटल्याचं तिला कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ते कळायला वेळ लागतो. हे लगेच कळलं.

दिवे लागायच्या आधी नेहमीसारखा फोन आला. बिरजूला काहीच ठाऊक नव्हतं. दुर्गानं फोन घेतला, हिरवं दाबलं आणि मोबाईल पायरीवर पालथा ठेवून दिला.

"दुर्गा! दाखव, माय, दाखव. का पाह्यलं आज?" वायरी नव्हत्या, आवाज मोकळा येत होता. "अंधार दिसून राह्यला. दुर्गा? नेटवर्क गेलं का?"

"नेटवर्क आहे," मंगली म्हणाली.

  माणूस शहाणा, दोन शब्दांत समजला. "मंगली, आयक. मी सांगनारच होतो. गेटवरचं काम भेटलं मले. पाठ मोडून राह्यली होती माझी, तुले का मालूम? हे कोनासाठी केलं मी? आपल्यासाठीच ना?" मग आवाज आणखी मऊ करून, "दुर्गाले दे. दुर्गा, बोल ना बाबाशी. बोल ना, माय."

दुर्गा पायरीवर बसून होती. ओठ गच्च मिटलेले, मुक्या वाटेवर मिटतात तसे. तो हाका मारत राहिला. पाठ मोडत होती हे खोटं नसेल. मी तेही धरून पाहिलं, रंग धरले, आकडे धरले, तिची मराठी धरली. ते सगळं तिच्याकडे राहणारच आहे, कोणी काढून घेणार नाही. पण ज्या आवाजानं ते दिलं तोच हा आवाज होता, आणि दोन्ही एकाच बाजूला मांडायचं की वेगवेगळ्या, हे मला आयुष्यात पहिल्यांदा ठरवता आलं नाही.

पोळ्याला बिरजू आला नाही. फ्रॉक आला, मुखरूच्या हातून. लाल.

पोळ्यानंतर पावसाची एक सर येऊन ऊन पडलं, त्या सकाळी मंगली पुन्हा टोपली घेऊन निघाली. नवं वारूळ शोधायला. आधी मुखरूच्या दारात थांबली, त्याच्या बायकोला काहीतरी म्हणाली, बायकोनं मान हलवली. एवढंच मला दिसलं. मग माझ्याकडे आली.

"हे इथी राहू द्या बाई," तिनं मोबाईल पायरीवर ठेवला.

"सापडेल का गं जागा?"

"सासूले म्हातारपनी भेटली होती," ती म्हणाली. "पाहू."

दोघी निघाल्या. शेवटच्या घराच्या अलीकडे दुर्गा थबकली, वळली आणि धावत परत आली. मोबाईल उताणा होता, तिनं पालथा केला. मग पाठीवरचं ते काळं भिंग वर आलेलं पाहून पुन्हा उताणा केला. जरा विचारात पडली.

"त्याले दोन डोळे आहेत, बाई," तिनं मला समजावून सांगितलं. "एक पुढं, एक मागं."

तिनं माझा डाळीचा रिकामा डबा ओढला, मोबाईल आत ठेवला, झाकण लावलं आणि त्यावर बसून नीट दाबलं. मग आईच्या मागे पळाली. ताटीपाशी पोचल्यावर दोघींनी तोंडं मिटली.

थोड्या वेळानं डब्यात फोन वाजायला लागला. मी डाळ निवडत बसले.